रचना कुठे?

सुरुवातीलाच सांगून टाकतो, त्रिकोणाशी माझं वैर नाही. होतं, पण ते मिटलं. हल्ली माझं भांडण आहे ते त्रिकोण तपासणाऱ्यांशी. आणि निवृत्त माणसाच्या भांडणाला कोणी हलकं समजू नये. त्याच्यापाशी वेळ भरपूर असतो, आणि घरात कोणी ऐकत नसल्यामुळे जोरही शिल्लक असतो.

प्रकरण असं झालं. आमची नात नववीत आहे. चाचणी परीक्षेत भूमितीच्या पेपरात प्रश्न आला : 'समद्विभुज त्रिकोणाच्या एकरूप बाजूंसमोरील कोन एकरूप असतात, हे सिद्ध करा.' गुण ३. पोरीला मिळालं शून्य. शून्यही कसं, तर चांगलं वाटोळं, ठसठशीत, कर्कटकानं काढल्यासारखं. आणि त्याच्या शेजारी लाल शाईत शेरा : 'रचना कुठे?'

"पाठ केलं नव्हतंस का?" मी आजोबा या पदाला शोभेल असा प्रश्न टाकला.

"नव्हतं ना," ती म्हणाली, "म्हणून तर विचार केला!"

खरं म्हणजे मी तिथंच तिच्या पाठीवर थाप द्यायला हवी होती. पण आमच्या घराण्यात मास्तर चुकल्याची नोंद नाही. मी गंभीर चेहऱ्यानं चष्मा लावला आणि म्हणालो, "बाई उगीच शून्य देत नाहीत. आण इकडे पेपर."

आता ज्यांची शाळा सुटून चाळीस-पन्नास वर्षं झाली, त्यांच्यासाठी थोडी उजळणी करतो. दोन बाजू सारख्या असलेला त्रिकोण तो समद्विभुज. त्याच्या पायाजवळचे दोन्ही कोन सारखे असतात. पुस्तकात हे सिद्ध करायची रीत अशी, की आधी शेंड्याच्या कोनाचा दुभाजक काढायचा. ही झाली 'रचना'. दुभाजकामुळे त्रिकोणाचे दोन तुकडे होतात. ते दोन तुकडे 'बाकोबा'प्रमाणे एकरूप दाखवायचे, की काम झालं. बाकोबा म्हणजे बाजू-कोन-बाजू. हे ग्रामदैवत नव्हे. आमच्या सौभाग्यवतीचा मात्र बरेच दिवस तसा समज होता. नातीनं मोठ्यानं "बाकोबानुसार" म्हटलं की स्वयंपाकघरात हात जोडले जात. म्हसोबा, खंडोबा, तसा हा परीक्षेला पावणारा बाकोबा.

नातीनं दुभाजक काढलाच नव्हता. तिनं लिहिलं होतं एवढंच : त्रिकोण अबक घ्या, आणि तोच उलटा वाचून त्रिकोण अकब घ्या. अब ही बाजू अकएवढी आहे. अक ही बाजू अबएवढी आहे. अ हा कोन दोघांचा तोच. म्हणून बाकोबानुसार दोन्ही त्रिकोण एकरूप. म्हणून कोन ब आणि कोन क सारखे. संपलं. चार ओळी.

"अगं, पण हा तर एकच त्रिकोण आहे!" मी म्हणालो.

"एकच आहे. पण तो डावीकडून बघा की उजवीकडून, सारखाच दिसतो. मग डावा कोन आणि उजवा कोन सारखे नकोत का?" असं म्हणून तिनं जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कापला, टेबलावर त्याची कड आखली, त्रिकोण पालथा केला आणि त्याच कडेत बसवला. बसला.

मी बँकेत अडतीस वर्षं लोकांच्या बेरजांतल्या चुका काढल्या आहेत. रात्री अकरापर्यंत या चार ओळींत चूक शोधत होतो. सापडली नाही. झोपही लागली नाही.

माझी स्वतःची भूमिती हा न बोलण्याचा विषय आहे, पण आता बोलतो. १९६८ साली मी नववीत होतो. आम्ही प्रमेयं आरत्यांसारखी पाठ करत असू. अर्थाशी आमचा संबंध आरतीत असतो तेवढाच. परीक्षेत 'अबक'च्या जागी 'पफम' आलं, की निम्मा वर्ग गारद. एकदा एका निर्दय परीक्षकानं त्रिकोण उलटा काढला, पाया वर आणि शेंडा खाली. 'पाया वर असलेल्या आकृतीला त्रिकोण म्हणता येणार नाही,' असं मी बाणेदारपणे उत्तरात लिहून आलो. पाया म्हणजे घराचा असतो तसा खालीच असायचा, ही माझी समजूत. तिसरी वेगळी बाजू ती पाया, मग ती आढ्याला का टांगलेली असेना, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

लंबाचीही तीच कथा. लंब म्हणजे उभा, असं माझं पक्कं मत होतं. मास्तरांनी फळ्यावर दोन तिरक्या रेषा गुणाकाराच्या चिन्हासारख्या काढल्या आणि विचारलं, "या एकमेकींना लंब आहेत का?" मी म्हणालो, "नाही सर, तिरक्या आहेत." त्यानंतर छडी आणि माझा तळहात यांच्यात जो कोन झाला, तो काटकोन असल्याचं मला न मोजताच कळलं. फार वर्षांनी लक्षात आलं, की लंब असणं हा एकट्या रेषेचा गुण नव्हेच. ते नातं आहे. एकटा माणूस जसा व्याही असू शकत नाही, तशी एकटी रेषा लंब असू शकत नाही. दुसरी कोणती, ते आधी सांगावं लागतं. ही गोष्ट मला कोणी नववीत एका वाक्यात सांगितली असती, तर एक छडी वाचली असती. आणि तरीही मी भूमितीत पास झालो! यावरून आपल्या परीक्षा काय तपासतात ते सिद्ध होते.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचनालयात गेलो आणि थेट युक्लिडलाच गाठलं. हा गृहस्थ ख्रिस्तपूर्व ३००च्या सुमाराचा. त्याच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातलं पाचवं प्रमेय म्हणजेच आमच्या नातीचा तीन मार्कांचा प्रश्न. मध्ययुगीन युरोपात या प्रमेयाला 'गाढवांचा पूल' असं नाव पडलं होतं. आकृती पुलासारखी दिसते, आणि कच्ची पोरं इथंच अडायची, पलीकडे जायची नाहीत. म्हणजे माझ्या जातीचे लोक तिकडेही होते, हे वाचून बरं वाटलं.

पण खरी गंमत पुढं आहे. युक्लिडनं या प्रमेयात दुभाजक काढलेला नाही! त्यानं दोन्ही बाजू पायाच्या खाली वाढवल्या आणि लांबचा वळसा घालून प्रमेय सिद्ध केलं. का? तर कोन दुभागायची रीत त्याच्या पुस्तकात नवव्या प्रमेयात येते. बाहेरच्या बिंदूतून रेषेवर लंब टाकायची रीत बाराव्यात येते. आणि ते नववं प्रमेय आठव्यावर उभं, आठवं सातव्यावर, सातवं या पाचव्यावर. पाचव्यात दुभाजक वापरणं म्हणजे ज्याच्या जामिनावर कर्ज काढायचं, त्याला त्याच कर्जातून जामीनदार उभं करणं. बँकेत असलं प्रकरण मी अर्ध्या मिनिटात परत पाठवलं असतं. युक्लिडनंही पाठवलं. आपल्या पुस्तकात गोष्टींचा क्रम वेगळा आहे, तेव्हा तिथं दुभाजक चालतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लाल शाईच्या हिशेबानं युक्लिडलाही शून्यच : दुभाजक कुठे?

आणि आमच्या नातीची रीत? ती चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या पॅपसची. पाचव्या शतकात प्रोक्लस नावाच्या भाष्यकारानं ती पॅपसच्या नावानं नोंदवून ठेवली आहे. रचना नाही, दुभाजक नाही, लंब नाही; तोच त्रिकोण स्वतःच्याच उलट्या रूपाशी ताडून पाहायचा. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी ज्याची कौतुकानं नोंद झाली, ते एका चौदा वर्षांच्या पोरीनं पाठ नव्हतं म्हणून दहा मिनिटांत शोधलं, आणि आपण तिला शून्य दिलं.

संध्याकाळी फिरायच्या कट्ट्यावर मी हे सांगितलं, तर एक अभिमानी मित्र उसळले, "युक्लिड कशाला? हे सगळं आपल्याकडे होतं!" होतंच. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात दिशा आखायची रीत आहे. सपाट जमिनीवर शंकू रोवायचा, त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं, शंकूच्या टोकाची सावली सकाळी आणि दुपारनंतर वर्तुळाला जिथं टेकेल तिथं दोन खुंट्या मारायच्या. ती झाली पूर्व-पश्चिम. मग त्या दोन खुंट्यांना दोरीची दोन टोकं अडकवायची, दोरीचा मध्य धरून एकदा दक्षिणेला ताणायचा आणि एकदा उत्तरेला, आणि तिथं खुंट्या मारायच्या. या नव्या खुंट्या जोडल्या की दक्षिणोत्तर रेषा तयार. ताणलेली दोरी म्हणजे समद्विभुज त्रिकोण. एक खाली, एक वर, दोघांचा पाया एकच. आणि शेंड्याला शेंडा जोडला की पायावर लंब. सुंदर! तिथं सगळी रचनाच आहे, सिद्धता दिलेली नाही. म्हणजे आपल्या पूर्वजांनी 'कसं' ते सांगितलं, ग्रीकांनी 'का' ते सांगितलं, आणि आपण नववीत दोन्ही बाजूला ठेवून पाठांतर घेतलं. मित्र त्या दिवशी लवकर घरी गेले.

याच सुमाराला आमच्या न्हाणीघराची फरशी उखडली होती. पाणी मोरीकडे जायचं सोडून दाराकडे येई. गवंडी आला तो साताऱ्याकडचा, कामात चोख आणि बोलण्यात मोकळा. तो पाणसळ ठेवून फरशी बघत होता. युक्लिड ताजा असल्यामुळे मी शंका काढली, "पण ही पाणसळच चुकीची असली तर?"

तो रागावला नाही. त्यानं पाणसळ उचलली, डावं टोक उजवीकडे करून त्याच जागी परत ठेवली. बुडबुडा होता तिथंच राहिला. "आता बघा. फिरवून ठिवली तरी त्येच दावती, म्हंजे खरी. बदललं असतं, तर पाणसळ खोटी."

दारात उभी असलेली नात एकदम म्हणाली, "आजोबा, हे तर माझंच!"

मग गवंडीबुवांना चेव आला. ते सांगू लागले, त्यांच्या गावी उन्हाळ्यात डोंगराला पाणी अडवायचे चर खोदतात. चर एका पातळीत हवेत. तिथं पाणसळ घेऊन कोण फिरणार? त्यासाठी तीन काठ्या आणि एक दगड. गावात त्याला सगळे 'ए-फ्रेम' म्हणतात. आमच्या गॅलरीतल्या तीन पट्ट्या घेऊन त्यांनी ती तिथंच करून दाखवली : दोन सारख्या पट्ट्या शेंड्याला जोडल्या, मधे आडवी पट्टी ठोकली, आणि शेंड्यापासून दोरीनं एक जाडसा नट सोडला. दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि दोरी आडव्या पट्टीला जिथं लागली तिथं खूण केली. मग फ्रेम फिरवून डाव्या पायाच्या जागी उजवा पाय ठेवला आणि दुसरी खूण केली. "या दोन्हींच्या मधोमध जी खूण, ती पातळीची. काठ्या बरोबरीच्या असल्या तर ती पट्टीच्या बी मधोमध येती. न्हाई आली तर काठी खोटी. पर खूण खरीच!"

नात फरशीवर बसून बोलू लागली, बोटानं दाखवत. दोन पाय सारखे, म्हणजे समद्विभुज. दोरी शेंड्यातून येते. ती पायाच्या मध्यातून गेली, म्हणजे पायावर लंब झाली, कारण समद्विभुजात शेंड्यातून निघालेली मध्यगा हाच लंब असतो. दोरी तर नेहमी उभीच. मग तिच्यावर लंब असलेली पट्टी आडवी, आणि दोन पाय एका पातळीत. मी गप्प ऐकत होतो. उभा वेगळा आणि लंब वेगळा, हे १९६८ साली छडीनं जमलं नव्हतं ते एका लोखंडी नटानं जमवलं. दोरी काय, कधीही उभीच असते. पट्टीला लंब मात्र ती पातळी साधली तरच होते.

आणि ती शेंड्यापासून पायाच्या मध्यापर्यंतची रेषा तरी किती कर्तबगार! तीच मध्यगा, तीच शिरोलंब, तीच शेंड्याचा कोनदुभाजक आणि तीच पायाची लंबदुभाजक. गावात एकच इसम सरपंच, सोसायटीचा चेअरमन, देवस्थानचा विश्वस्त आणि कुस्त्यांचा पंच असावा, तशी. फरक एवढाच, की ही चारही पदं तिला हक्कानं मिळालेली आहेत, आणि हक्क विचारला तर ती सिद्ध करून दाखवते.

या दोन प्रसंगांनंतर मी पेपर घेऊन शाळेत गेलो. रीतसर भांडायला. बाई शिक्षकांच्या खोलीत पेपरांच्या ढिगाआड बसल्या होत्या. मी पॅपस काढला, युक्लिड काढला, ए-फ्रेम हवेत काढून दाखवली. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे आजोबा. मलाही वाचतानाच बरोबर वाटलं होतं."

"मग शून्य?"

"मी आज ३ दिले, आणि उद्या मोठ्या परीक्षेत तपासणाऱ्यानं शून्य दिलं, तर याच खुर्चीत बसून तुम्हीच विचाराल, की बाईंनी वेळीच सांगितलं का नाही? गेल्या वर्षी एक पालक अर्ध्या मार्कासाठी तीनदा आले होते. मुलाला समजलं का, हे विचारायला मात्र कोणी येत नाही."

मला उत्तर सुचलं नाही. कारण मी खरोखरच तसा आलो असतो. लाल शाई बाईंच्या हातात असली, तरी दऊत आम्हीच भरून दिलेली होती. पोरीनं "म्हणून तर विचार केला" म्हटल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं होतं, ते आठवलं आणि मी खुर्चीत जरा खाली सरकलो.

तरीही मी भांडण मागे घेत नाही; फक्त आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतःसाठीही जागा करतो. कारण भूमिती हा शाळेतला असा विषय आहे, की ज्यात चौदा वर्षांचं पोर मोठ्या माणसाला तोंडावर 'का?' विचारू शकतं, आणि 'मी सांगतो म्हणून' हे उत्तर तिथं चालत नाही. घरात चालतं, कचेरीत चालतं, सभेत तर टाळ्या घेतं. त्रिकोणात चालत नाही. तिथं मास्तरांचा कोन आणि विद्यार्थ्याचा कोन सारखाच. ही एवढी एक जागा आपल्या पोरांना मोकळी मिळाली होती. तिथंही आपण आदर्श उत्तराची पाटी ठोकली. माझं म्हणणं एवढंच आहे, की कारण बरोबर असेल तर पूर्ण गुण द्या, रीत कोणाचीही असो. बाईंना ढीगभर पेपर तपासायचे असतात हे मला मान्य आहे. पण चार ओळी वाचायला चौदा ओळींपेक्षा वेळ कमीच लागतो. परीक्षेत अक्षरं बदला, त्रिकोण उलटा काढा, लंब तिरका काढा. म्हणजे पाठ कोणाचं आणि समजलं कोणाला, ते दिसेल. आणि आजोबांनी 'मार्क किती?' या आधी 'का?' विचारावं. निदान चष्मा लावण्याआधी.

घरी आलो. नातीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर चिडेल. ती शहाण्यासारखी म्हणाली, "असू दे आजोबा. यापुढे पेपरात पुस्तकातलं लिहीन, आणि खरं वहीच्या मागच्या पानावर ठेवीन."

एवढं शहाणपण मला बँकेत वीस वर्षं नोकरी झाल्यावर आलं होतं. हिला चौदाव्या वर्षी आलं. ते शून्य मला झोंबलं नव्हतं, इतकं हे वाक्य झोंबलं.

न्हाणीघराचं काम परवा पुरं झालं. नातीनं बादलीभर पाणी ओतून पाहिलं. पाणी क्षणभर थबकलं, आणि सरळ मोरीकडे गेलं. रचना कुठे, म्हणून त्यानं काही विचारलं नाही.